दोष मुठीत, कारण गालिच्याखाली

तुमच्या वाटेवर एखादा जुना हातपंप असेल तर त्याच्या दांड्याला हात लावून पाहा. पहिले काही सेंटिमीटर दांडा नुसताच खालीवर होतो, आतली सळई जागची हालत नाही. पंप पार खिळखिळा झाला असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात झिजलेली असतात ती खिळीची भोके, तीही एखाद-दोन मिलिमीटर. मग एवढीशी झीज एवढी मोठी का दिसते? याचे उत्तर शोधण्यासाठी आपण एका जुन्या मोटारीतला गालिचा उचलून पाहू.

मेक्सिको शहराच्या उत्तरेस क्वाउतेपेक ही डोंगरउतारावरची वस्ती आहे. तेथील अरुंद, उभ्या चढांवर फोक्सवॅगन बीटल ही जुनी मोटार आजही टॅक्सी म्हणून धावते. या मोटारीचे इंजिन मागे असते आणि मागचीच चाके गाडी ढकलतात. इंजिनाचे वजन त्या चाकांवर पडल्याने त्यांचे रस्त्याशी घर्षण वाढते आणि चढावर ती सहसा जागच्या जागी फिरत नाहीत. मात्र या गाड्या तरुण नाहीत. जगात २ कोटी १५ लाखांहून अधिक बीटल तयार झाल्या आणि त्यांतील शेवटची मेक्सिकोतील पुएब्ला येथील कारखान्यातून ३० जुलै २००३ रोजी बाहेर पडली. म्हणजे सर्वांत धाकटी बीटलही आता विशी ओलांडून गेली आहे.

अशी गाडी प्रवासी घेऊन चढत आहे अशी कल्पना करा. गिअर बदलताना क्षणभर इंजिन आणि चाके यांचा संबंध तुटतो. चढावर त्या क्षणातही वेग झपाट्याने घटतो. चालकाला दुसरा गिअर सापडलाच नाही, तर गाडी थांबते आणि ब्रेक वेळेवर दाबला नाही तर मागे घरंगळते. म्हणून गिअरचा दांडा ढिला होणे ही नुसती गैरसोय नव्हे, तो सुरक्षिततेचा प्रश्न आहे.

बीटलमध्ये दांडा पुढे चालकाजवळ, तर गिअरबॉक्स मागे असतो. या दोहोंना जोडणारी लांब पोलादी नळी गाडीच्या मध्यावरील बोगद्यासारख्या उंचवट्यातून जाते. ही नळी दोन कामे करते. स्वतःभोवती किंचित फिरून ती गिअरची जोडी निवडते आणि पुढे-मागे सरकून त्या जोडीतला एक गिअर टाकते. तिला पुढच्या बाजूस प्लॅस्टिकच्या एका लहानशा बुशचा आधार असतो. मागच्या टोकाला सांधा असून त्यात रबराचे बुश असतात. गिअरबॉक्सचे हादरे चालकाच्या हातापर्यंत येऊ नयेत म्हणून तेथे रबर वापरतात. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने व तेलाने रबर खराब होते, प्लॅस्टिक झिजते आणि सांध्यांत ढिलाई येते. गॅरेजमध्ये तिला ‘प्ले’ म्हणतात.

आता थोडे गणित करू. गिअरचा दांडा ही एक तरफ आहे. समजा, टेकूच्या वर ३० सेंटिमीटर आणि खाली ६ सेंटिमीटर लांबी आहे. बलभुजा भारभुजेच्या पाचपट असल्याने हाताला एक पंचमांश जोर पुरतो. पण हा लाभ फुकट मिळत नाही. खालचे टोक १ मिलिमीटर सरकवायला मूठ ५ मिलिमीटर हलवावी लागते. हाच हिशेब ढिलाईलाही लागू पडतो. पुढच्या सांध्यात १ मिलिमीटर आणि मागच्या सांध्यात २ मिलिमीटर ढिलाई असेल, तर एकामागून एक जोडलेल्या सांध्यांची ढिलाई एकत्र येऊन ३ मिलिमीटर होते. मुठीपाशी तिचे १५ मिलिमीटर होतात! जी तरफ आपले श्रम वाचवते, तीच सांध्यातील दोष मोठा करून दाखवते.

म्हणूनच जाणता मिस्त्री मूठ डगमगताना पाहून लगेच गिअरबॉक्स उतरवत नाही. तो आधी सांधे तपासतो. मागचा सांधा पाहण्यासाठी मागचे आसन काढावे लागते. आसनाखाली उजव्या बाजूस बॅटरी असते. तिची तार आधी सोडवणे अत्यावश्यक, कारण पाना किंवा आसनाची स्प्रिंग बॅटरीच्या अग्रांना टेकली तर प्रचंड प्रवाह वाहून ठिणग्या उडतात, आगही लागू शकते. मग उंचवट्यावरचा गालिचा कडेपासून हळूहळू उचलायचा. जुना गालिचा ठिसूळ झालेला असतो, हिसका दिला की फाटतो. त्याच्याखाली ओल साचून पत्रा गंजला आहे का, हेही याच वेळी दिसते.

गालिच्याखाली स्क्रूने बसवलेले एक छोटे झाकण असते. ते उघडले की सांधा समोर येतो. पुढच्या बुशसाठी दांडा सोडवावा लागतो. त्याच्याखालच्या पट्टीची मूळ जागा आधी खुणेने नोंदवून ठेवतात. बीटलमध्ये दुसरा गिअर आणि रिव्हर्स शेजारी-शेजारी आहेत. चालकाने मूठ खाली दाबल्याखेरीज रिव्हर्स पडू नये, ही या पट्टीची कामगिरी आहे. ती चुकीची बसली तर नवे बुश घालूनही गिअर नीट पडत नाहीत.

घरी एक प्रयोग करा. जाड पुठ्ठ्याची ३० सेंटिमीटरची पट्टी घ्या. एका टोकापासून ५ सेंटिमीटरवर टाचणीने ती फळीवर फिरती बसवा. आखूड टोकाला दुसरी पट्टी टाचणीने जोडा, मात्र तिचे भोक सुमारे २ मिलिमीटर मोठे ठेवा. दुसरी पट्टी घट्ट धरून लांब टोक हलवा. ते किती मोकळे फिरते हे मोजा, मग भोक आणखी मोठे करून पुन्हा मोजा. दोन्ही भुजांचे गुणोत्तर तुमच्या आकड्यांत दिसेल.

शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात अवश्य करून घ्यावा. यंत्रात दोष जेथे जाणवतो तेथेच तो असतो असे नाही. हाताला जाणवलेल्या १५ मिलिमीटरवरून आतल्या ३ मिलिमीटरपर्यंत पोचता येणे, यालाच निदान म्हणतात. त्यासाठी पान्याआधी पेन्सिल हाती घ्यावी लागते.