कोंबुचा : चकतीपेक्षा पाणी मोलाचं

कोंबुचाची, म्हणजे आंबवलेल्या गोड चहाची, बरणी पाहिली की नजर आधी तोंडाशी तरंगणाऱ्या चकतीवर जाते. पांढुरकी, चिवट, हाताला बुळबुळीत, खालून तपकिरी धागे लोंबणारी. हौशी मंडळी तिला 'स्कोबी' म्हणतात, तिचे तुकडे एकमेकांना देतात, विकतही घेतात. कौतुक करायला हरकत नाही. पण कोंबुचाचं खरं विरजण म्हणजे त्या चकतीखालचं आंबट पाणी.

चकती सेल्युलोजची असते. कापूस ज्याचा बनतो, तोच हा पदार्थ. व्हिनेगरवर धरणारा असा पडदा सेल्युलोजचा असतो, हे ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ एड्रियन ब्राउन यांनी १८८६ मध्येच दाखवून दिलं होतं. तो विणणाऱ्या जिवाणूचं आजचं नाव कोमागाटाइबॅक्टर. त्याला प्राणवायू लागतो, म्हणून तो पृष्ठभागावर स्वतःचा तराफा बांधतो. चकती फाटली, बुडाली, तरी बिघडत नाही. आठवड्याभरात नवी धरते.

आंबवण्याचं काम यीस्ट आणि जिवाणू असे दोघं मिळून करतात. यीस्ट साखरेचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन भाग करतं आणि त्यांचं अल्कोहोल बनवतं; सोबत कार्बन डायऑक्साइड सुटतो. जिवाणू त्या अल्कोहोलचं ॲसेटिक आम्ल करतात, ग्लुकोजपासून ग्लुकोनिक आम्लही बनवतात. गोव्यात माडाच्या सुरेचं व्हिनेगर होतं ते याच वाटेनं. कोंबुचाच्या बरणीत मात्र ही दोन्ही कामं एकाच वेळी चालू असतात.

आता कृती. लिटरभर पाण्यात दोन चमचे चहापूड आणि ६० ते ७० ग्रॅम साखर घालून कोरा चहा करा. दूध नको, मसालाही नको. गाळून पूर्ण गार होऊ द्या. गरम चहात विरजण ओतलं तर ते मरेल. मग आधीच्या खेपेचा १०० मिली आंबट कोंबुचा घाला, असल्यास चकतीही. ही पायरी कधीही गाळू नका. ताज्या चहाचा पीएच पाचच्या आसपास असतो आणि तेवढ्यात बुरशीला सहज पाय पसरता येतात. जुनं पाणी पडलं की आम्लता पहिल्याच दिवशी वाढते आणि बुरशीला जम बसवणं कठीण होतं.

बरणी काचेचीच घ्या. लोणच्याच्या चिनीमातीच्या बरणीवरच्या झिलईत शिसं असेल तर आम्ल ते ओढून घेतं; तांब्या-पितळेचं भांडंही नको. तोंडाला घट्ट विणीचं सुती कापड बांधा. हवा आत जायला हवी, चिलटं नकोत. साधारण २५ अंश तापमानात सात ते दहा दिवस लागतात. आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यात त्याहून लवकर, तेव्हा चौथ्या-पाचव्या दिवसापासूनच चव घ्यायला लागा. पीएचपट्टी मिळाली तर उत्तम: आकडा २.५ ते ३.५ च्या दरम्यान हवा. तपकिरी धागे यीस्टचे, त्यांना घाबरू नका. पण वर कोरडे, केसाळ, हिरवे-काळे ठिपके दिसले, तर चकतीसकट सगळं फेकून द्या. लोणच्यावरची बुरशी वरवर काढून टाकायची घरोघरची सवय इथे चालणार नाही.

फसफस हवी म्हणून आलं किंवा फळांचा रस घालून बाटली बंद केली की आत वायूचा दाब चढतो आणि अल्कोहोलही वाढतं. जाड काचेची बाटली, एक-दोन दिवस, मग थेट फ्रीज. नाहीतर बाटली फुटते. २०१० मध्ये अमेरिकेत दुकानांतून कोंबुचाच्या बाटल्या उतरवल्या गेल्या, कारण काहींत अल्कोहोल ०.५ टक्क्यांच्या वर गेलं होतं. आपल्याकडेही त्या मर्यादेवरचं पेय कायद्यानं मद्यच ठरतं.

राहिला आरोग्याचा प्रश्न. जाहिरातींचे दावे मोठे आहेत, माणसांवरचे प्रयोग मोजके. २०२३ मध्ये जॉर्जटाउन विद्यापीठाच्या संशोधकांनी मधुमेहींवरच्या एका चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यात उपाशीपोटीची साखर कमी झालेली दिसली. पण चाचणीत होते जेमतेम १२ जण. दुसऱ्या बाजूला, १९९५ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यात रोज कोंबुचा पिणाऱ्या दोन स्त्रियांच्या रक्तातली आम्लता धोकादायक वाढली, त्यातली एक दगावली. दोष कोंबुचाचाच होता हे सिद्ध झालं नाही. तरीही गरोदर स्त्रिया, लहान मुलं, यकृताचे रुग्ण आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी घरचा कोंबुचा पिऊ नये. इतरांनी अर्ध्या कपानं सुरुवात करावी, आणि औषधाच्या गोळ्या त्याच्या भरवशावर बंद करू नयेत.