विहिरीच्या तळापासून रिओच्या सरोवरापर्यंत

आमच्या वसमत तालुक्यांत सिद्धेश्वरच्या कालव्याचें पाणी येतें, म्हणून आपण पाणी पाळ्यांनीं मोजतों. हळदीस पुढची पाळी केव्हां मिळेल, एवढाच काय तो आपला पाण्याशीं व्यवहार. नाशिक जिल्ह्यांत चांदवड तालुक्यांतील तळेगांव रोही येथें ह्याच्या उलट स्थिति. तेथें पाणी खडक फोडून शोधावें लागतें. त्या गांवचे श्री. दत्तू भोकनळ वडिलांबरोबर विहिरी खणण्याच्या मजुरीस जात असत. हाच मनुष्य १९१६ नव्हे, तर २०१६ सालीं, म्हणजे आपल्या डोळ्यांदेखत, ब्राझील देशांत रिओ येथील ऑलिंपिक सामन्यांत हिंदुस्थानचा एकटा नौकापटु म्हणून उतरला.

२०११ सालीं वडील वारले. घर चालविण्यासाठीं ते २०१२ मध्यें सैन्यांत भरती झाले, आणि सहा फुटांहून अधिक उंची पाहून पुण्यास त्यांच्या हातीं वल्हीं देण्यांत आलीं. पाण्याची भीति प्रथम घालवावी लागली. विहिरींत उतरणाऱ्यास पाणी म्हणजे काम थांबविणारी वस्तु; तिच्यावर बसून धांवावयाचें, ही कल्पनाच निराळी!

ही नाव कशी असते तें सांगितलें पाहिजे. लांबी सुमारें आठ मीटर, रुंदी जेमतेम माणूस बसेल एवढी, आणि वजन चौदा किलोच्या आसपास, म्हणजे धान्याच्या अर्ध्या पोत्याहूनहि कमी. बैठक रुळांवर मागेंपुढें सरकते, आणि पाहणारास हात दिसत असले तरी खरा जोर पायांचा असतो. वल्हविणारा शेवटच्या खुणेकडे पाठ करून बसतो. मोटेचे बैल ज्यांनीं मागें सरतांना पाहिले आहेत, त्यांस हें लवकर उमगेल. अंतर दोन हजार मीटर. तें सात मिनिटांच्या आंतबाहेर संपतें, परंतु त्या सात मिनिटांसाठीं वर्षें जातात. अशी नाव विमानांतून नेणें कठीण. परदेशीं पुष्कळदा भाड्याच्या नावेंत बसावें लागतें, आणि परकी नाव आपल्या पायांच्या मापास बसविण्यांतच पहिले दिवस जातात.

एप्रिल २०१६ मध्यें दक्षिण कोरियांतील चुंगजू येथें निवडीची शर्यत झाली. त्या सुमारास आई अपघातानंतर दुखण्यानें पडलेली. आपल्याकडे अशा वेळीं थोरला मुलगा घरीं नसेल तर चार माणसें बोलतात, आणि आम्हांस तें बोलणें सर्वस्वीं अन्यायाचें वाटत नाहीं. परंतु घर चाललें होतें तें त्याच्याच नोकरीवर, व नोकरींत त्याचें काम वल्हीं मारण्याचें. ते गेले, दुसरे आले, ऑलिंपिकचें दार उघडलें. ही वार्ता आईच्या उशाशीं बसून सांगण्याचें समाधान मात्र अशा दौऱ्यांत कोणास मिळत नाहीं.

रिओच्या सरोवरावर वाऱ्यामुळें कांहीं शर्यती पुढें ढकलाव्या लागल्या. पहिल्या फेरींत ते तिसरे आले. उपांत्यपूर्व फेरींत चौथे आल्यामुळें पदकाची वाट बंद झाली. पुष्कळांचें मन येथें खचतें. परंतु उरलेल्या क्रमांकांसाठीं शर्यत होती, आणि तिच्यांत त्यांनीं ६ मिनिटें ५४.९६ सेकंदांत पहिला क्रमांक मिळविला. बत्तीस जणांत तेरावे. तेरावा क्रमांक ऐकून आमच्या एका स्नेह्यांनीं नाक मुरडलें. कालव्याच्या शेपटाला ज्यांचें शेत आहे, त्यांना तेराव्याची किंमत विचारावी, असें आम्हीं त्यांस सांगितलें.

सिद्धेश्वरचा एवढा विस्तीर्ण जलाशय आपल्या जवळ असून त्यावर शर्यतीची नाव आमच्या पाहण्यांत आलेली नाहीं. असो.

पुढें २०१८ सालीं इंडोनेशियांत पालेंबांग येथें आशियाई सामने झाले. एकेरीच्या अंतिम शर्यतींत श्री. भोकनळ आजारीपणामुळें सर्वांच्या मागें राहिले. दुसऱ्याच दिवशीं सवर्ण सिंग, ओमप्रकाश व सुखमीत सिंग ह्यांच्यासह ते चौघांच्या नावेंत बसले, आणि त्या नावेनें सुवर्णपदक जिंकलें.