टाकीतले पाणी आणि मुळांचा श्वास

संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी ‘शाळेतल्या विज्ञानाला धरून, पण घरी उपयोगी पडेल असे काहीतरी लिहा,’ अशी सूचना संपादक मंडळाकडून आली, तेव्हा विषय शोधावा लागला नाही. बडोद्यातील आपल्या सभासदांपैकी बऱ्याच जणांच्या गच्चीवर अलीकडे पांढऱ्या नळ्यांची मांडणी दिसते. मातीविना, केवळ पोषक द्रावणावर भाजी वाढविण्याची ही रीत, म्हणजेच हायड्रोपोनिक्स. दिवाळीच्या सुमारास त्या नळ्या हिरव्यागार असतात, घरधनी पाहुण्यांना कौतुकाने वर घेऊन जातो. होळी उलटली की पाने मलूल होऊ लागतात, आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत नळ्या रिकाम्या होऊन कोपऱ्यात जातात. ‘खत चांगले नव्हते’, ‘बी फसवे निघाले’ अशी कारणे मग सांगितली जातात. मीही सांगितली होती.

२०२३ च्या मे महिन्यातील ही गोष्ट. शाळेतल्या विज्ञान मंडळाच्या मुलांसाठी म्हणून मी आमच्या गच्चीवर चाळीस लिटरची टाकी, एक छोटा पंप आणि चार नळ्या एवढा संसार थाटला होता. पालक आणि सलाडची रोपे लावली होती. दुपार झाली की पाने माना टाकीत. मुळांभोवती पाणी वाहत असताना रोप सुकते, त्याअर्थी खत कमी पडत असावे असे मी मुलांना ठामपणे सांगितले आणि खताचे प्रमाण वाढविले. चार दिवसांत निम्मी रोपे गेली. उरलेली पाहायला मुले आली, तेव्हा एका मुलीने सहज टाकीत हात घातला आणि म्हणाली, ‘सर, हे तर आंघोळीचे पाणी आहे.’ तापमापक बुडविला. पारा छत्तीस अंशांवर होता. वर्षानुवर्षे उष्णतेचा धडा शिकविणाऱ्या माणसाला पाण्याला हात लावून पाहण्याचे सुचले नव्हते.

त्या दिवसापासून जे वाचले, मोजले आणि करून पाहिले, ते येथे थोडक्यात मांडतो.

मुळे पाणी पितात हे सर्वांना ठाऊक असते. मुळे श्वासही घेतात, हे आपण विसरतो. पान दिवसा प्राणवायू तयार करते, पण काळोखात राहणाऱ्या मुळाला तो बाहेरूनच मिळवावा लागतो. जमिनीत मातीच्या कणांमधील पोकळीत हवा असते, ती मुळांना पुरते. टाकीत मात्र पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूवरच मुळांना गुजराण करावी लागते. आता पाण्याचा एक गुण ध्यानात घ्यावा. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, वायूचे याच्या उलट आहे. हवेशी पूर्ण संपर्कात असलेल्या एक लिटर गोड्या पाण्यात २० अंशांना (सर्व अंश सेल्सिअस समजावेत) सुमारे ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. २५ अंशांना ८.३, ३० अंशांना ७.६ आणि ३५ अंशांना सातहूनही किंचित कमी. म्हणजे २० वरून ३५ वर जाताना जवळजवळ चौथा हिस्सा प्राणवायू निघून जातो.

एवढ्यावरच भागत नाही. तापमान दहा अंशांनी वाढले की मुळांच्या श्वसनाचा वेग साधारणपणे दुप्पट होतो. उत्पन्न घटावे आणि त्याच वेळी घरात खाणारी तोंडे वाढावीत, तशी मुळांची स्थिती होते. प्राणवायू कमी पडला की मुळाची पाणी ओढण्याची शक्ती मंदावते. म्हणून पाण्यात उभे असलेले रोपही दुपारी तहानलेल्या रोपासारखे दिसते. अशा अशक्त मुळांवर पिथियम नावाचा पाण्यातील बुरशीसारखा रोगजंतू चाल करतो. त्याच्या काही जाती उबदार पाण्यात फारच जोमाने वाढतात, आणि पालक हे तर त्यांचे आवडते भक्ष्य. निरोगी मूळ पांढरे व कडक असते. रोगट मूळ तपकिरी, बुळबुळीत होते, आणि चिमटीत धरून ओढले तर वरची साल निसटून आतला दोरा तेवढा हाती राहतो. ही खूण एकदा पाहिली की विसरत नाही.

माझी दुसरी चूकही येथेच उघड होते. उन्हाळ्यात रोप क्षारांपेक्षा पाणी अधिक शोषते, त्यामुळे टाकीतील द्रावण आपोआप तीव्र होत जाते. अशा वेळी खत वाढविणे म्हणजे तहानलेल्याला मिठाचे पाणी देणे. उन्हाळ्यात द्रावण हिवाळ्यापेक्षा सौम्य ठेवावे आणि घटलेली पातळी साध्या पाण्याने भरून काढावी.

पाण्यात रोप वाढविण्याचे ज्ञान जुने आहे. युलियस झाक्स व विल्हेल्म क्नोप या जर्मन शास्त्रज्ञांनी १८६० च्या सुमारास क्षारांच्या द्रावणात झाडे वाढवून दाखविली. पुढे १९३० नंतरच्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठातील गेरिक यांनी तोच प्रयोग मोठ्या टाक्यांवर केला आणि ‘हायड्रोपोनिक्स’ हे नाव रूढ केले. आपल्या देशात शोल्टो डग्लस यांनी १९४६ च्या सुमारास कालिंपोंग भागात काम केले. त्यांचे ‘बंगाल पद्धती’वरील पुस्तक १९५१ साली निघाले. त्यांनी उघड्या पाण्याऐवजी खडी आणि वाळूचे वाफे पसंत केले, हे लक्षात घेण्याजोगे आहे. खडीतून हवा खेळते. माती आपण काढून टाकतो तेव्हा तिची दोन कामे, मुळांना हवा देणे आणि दुपारच्या झळांपासून त्यांना झाकणे, आपल्या अंगावर येतात. सारा विषय या एका वाक्यात आहे.

पाणी किती थंड असावे? बहुतेक पालेभाज्यांना १८ ते २४ अंश मानवतात. २८ च्या पुढे काळजी घ्यावी, ३० च्या पुढे धोका समजावा. हवा थंड करणे आपल्या हाती नाही. पण मुळे थंड राहिली तर पाने बराच उकाडा सोसतात. सिंगापूरसारख्या बारमाही उष्ण ठिकाणी संशोधकांनी केवळ मुळांभोवती सुमारे २० अंशांचा गारवा राखून, वरची पाने तेथल्या उष्ण हवेत ठेवून, थंड प्रदेशातले सलाड वाढवून दाखविले आहे.

म्हणून पहिली खरेदी तापमापकाची. मासे ठेवण्याच्या काचपेटीसाठी मिळतो तो स्वस्त तापमापक पुरेसा आहे. सकाळी सहाला, दुपारी दोनला आणि सायंकाळी पाचला नोंद करावी. टाकीतले पाणी हवेच्या मागून तापते, त्यामुळे कमाल आकडा बहुधा चार-पाचच्या सुमारास दिसतो; दुपारी बारालाच मोजून समाधान मानू नये.

आता उपाय. स्वस्त ते आधी सांगतो.

उष्णता आत येऊ न देणे हा सर्वांत मोठा उपाय. काळी टाकी ऊन पिते. पण पांढऱ्या पातळ टाकीतून उजेड आत जाऊन शेवाळ धरते. म्हणून टाकीला बाहेरून आधी काळा आणि त्यावर पांढरा रंग द्यावा: आत काळोख, बाहेर परावर्तन. टाकी तापलेल्या स्लॅबवर न ठेवता विटांवर फळी टाकून ठेवावी, शक्य तर जिन्याखाली वा घरात हलवावी. नळ्यांकडे दुर्लक्ष करू नये. त्यांतून पाण्याचा पातळ थर वाहतो आणि तो टाकीपेक्षा फार लवकर तापतो. माझ्याकडे अर्धे ऊन अडविणारी हिरवी जाळी नळ्यांवर बांधताच, बाकी काही न करता, दुपारचा आकडा तीन अंशांनी उतरला.

दुसरा उपाय, पाणी अधिक ठेवणे. उष्णता टाकीच्या पृष्ठभागातून शिरते आणि साऱ्या पाण्यात वाटली जाते. म्हणून वीस लिटर पाणी भराभर तापते, शंभर लिटर सावकाश. मात्र भर घालताना गच्चीवरच्या टाकीचे पाणी दुपारी घेऊ नये, ते आपल्या द्रावणाहूनही गरम असते. जमिनीखालच्या टाक्यातले पाणी भल्या सकाळी घालावे.

तिसरा उपाय आपल्या सर्वांच्या घरचा. माझी अम्मी पाण्याच्या सुरईला ओले फडके गुंडाळून खिडकीत ठेवीत असे, आणि ओट्यावरचा माठ सर्वांच्याच घरी असे. बाष्पीभवनाचे सामर्थ्य किती मोठे, हे हिशेब केल्यावाचून कळत नाही. एक किलो बर्फ वितळताना सुमारे ८० किलोकॅलरी उष्णता ओढतो. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी जातात. म्हणजे गोणपाटावरून उडून गेलेले एक लिटर पाणी सात किलो बर्फाच्या तोडीचे. त्यांतली बरीचशी उष्णता सभोवतालच्या हवेतून येते हे खरे. तरी एक चतुर्थांश जरी टाकीतून निघाली, तर चाळीस लिटर पाणी साडेतीन अंशांनी उतरते. टाकीभोवती गोणपाट गुंडाळावे, त्याचे टोक पाण्याच्या परातीत सोडावे आणि वारा लागेल अशी जागा निवडावी. द्रावण मात्र थेट माठात भरू नये; क्षार छिद्रांतून बाहेर येऊन पांढरे फुटतात आणि छिद्रे बुजतात. मोठ्या कुंडीत ओली वाळू भरून त्यात टाकी बसवावी. नायजेरियातील मोहम्मद बाह अब्बा या शिक्षकाने एका मडक्यात दुसरे मडके आणि मध्ये ओली वाळू, अशा साधनाने खेड्यांतील भाजी टिकविण्याचे काम केले आणि त्यासाठी त्यांना २००० साली रोलेक्स पुरस्कार मिळाला. तत्त्व तेच.

या उपायाला एक मर्यादा आहे, आणि ती मुलांनाही घरी मोजता येते. तापमापकाच्या टोकाला ओली चिंधी गुंडाळून पंख्यासमोर धरावा. पारा जेथे थांबेल त्याच्या खाली ओले गोणपाट पाणी नेऊ शकत नाही. हवा ४० अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल तर हा आकडा २३ च्या आसपास येतो. हवा ३२ अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल तर २९ च्या आसपास. म्हणून मे महिन्यात गोणपाट कामाला येते आणि आषाढात येत नाही. ग्वाल्हेर-इंदूरकडच्या आप्तांना हा उपाय छान लागू पडेल. गोव्याच्या दमट हवेत त्याची फारशी आशा धरू नये.

चौथा उपाय बर्फाचा. बर्फ थेट टाकीत टाकू नये, द्रावण पातळ होते. एक लिटरच्या बाटलीत थोडी जागा सोडून पाणी भरावे, गोठवावे आणि झाकण लावूनच टाकीत सोडावी. बर्फ वितळून ते पाणी टाकीइतके होईपर्यंत सुमारे १०५ किलोकॅलरी ओढल्या जातात, म्हणजे चाळीस लिटरला जेमतेम अडीच अंश. पिकाला वाचविण्याच्या दोन-चार दिवसांपुरते हे ठीक. त्यावर सारा उन्हाळा काढता येत नाही.

पाचवी गोष्ट पंपाची. पाण्यात बुडवून ठेवलेला २० वॅटचा पंप दिवसभरात सुमारे ४१० किलोकॅलरी उष्णता सोडतो. ती बाहेर गेलीच नाही तर चाळीस लिटर पाणी दहा अंशांनी तापेल! तेव्हा पंप गरजेपुरताच लहान घ्यावा. हवेचे बुडबुडे सोडणारा वेगळा पंप उपयोगी आहे, पण गरम पाण्यात मुळातच प्राणवायू कमी मावतो, हे त्यालाही चुकत नाही. जेथे वीज वारंवार जाते तेथे हवाई विद्यापीठातील क्रॅत्की यांची पद्धत बरी: खोल डबा, पंप नाही, पाणी उतरत जाते तशी वरची मुळे मोकळ्या हवेत राहतात आणि तेथूनच श्वास घेतात. पाणी गार करणारी यंत्रे बाजारात आहेत; घरच्या चार जुड्यांसाठी तो खर्च मला परवडणारा वाटला नाही.

हे सारे करून २०२४ च्या मे महिन्यात माझ्या टाकीचा दुपारचा आकडा २८-२९ वर राहिला. पुदिना आणि मायाळू उत्तम आले. सलाड मात्र कडवट होऊन तुऱ्यावर गेले, कारण वरची हवा त्याच्या सोसण्यापलीकडची होती. त्यातून शेवटचा उपाय शिकलो: ऋतूशी भांडू नये. सलाड आणि पालक कार्तिकात लावावेत. चैत्र-वैशाखात मायाळू, कलमी भाजी, पुदिना घ्यावा. वाटल्यास टाकी धुऊन, महिनाभर पालथी घालून विश्रांती द्यावी. त्यात कमीपणा नाही.

शाळा उघडल्यावर त्या मुलीच्या वर्गात मी दोन वर्षांचे आकडे फळ्यावर लिहिले आणि खताबद्दल मी जे ठामपणे सांगितले होते ते चूक होते, हेही सांगितले. मुले हसली, मग वहीत उतरवून घेऊ लागली. आपल्या गच्चीवरचे रोप उद्या मान टाकील, तेव्हा खताच्या डब्याकडे हात जाण्यापूर्वी तो एकदा टाकीतल्या पाण्यात घालून पाहावा, एवढीच वाचकांना विनंती.