मोटारसायकलचे इंजेक्शन आणि हमीचा कागद



व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून मोटारसायकलविषयी काय बोलावयाचे, असे कोणाच्या मनात आले असेल. माझे उत्तर सरळ आहे. अमरावती-अकोल्याच्या ज्या कामगारांत मी वावरतो, त्यांच्या संसारात घराच्या खालोखाल किमतीची वस्तू म्हणजे गाडी. बहुतेकांनी ती हप्त्याने घेतलेली असते. एम.आय.डी.सी.तील पाळी गाठावयाची ती तिच्यावर आणि घरोघर सामान पोहोचवावयाचे तेही तिच्यावरच. हातावर पोट असलेल्याचे ते अवजार आहे. त्या अवजारात फेरफार करण्यापूर्वी आपण काय मिळवतो आणि काय गमावतो, याचा हिशेब मांडला पाहिजे.

आधी यंत्र समजून घेऊ. पूर्वीच्या गाडीत कार्बोरेटर असे. हवेच्या ओढीने पेट्रोल जेटमधून वर येई, आणि मिस्त्री स्क्रू फिरवून मिश्रण दाट-पातळ करी. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा ही प्रदूषणाची मर्यादा लागू झाली आणि बहुतेक नव्या गाड्यांतून कार्बोरेटर गेला. त्याच्या जागी इंजेक्टर आला. हा विजेवर उघडझाप करणारा बारीक नळ होय. तो किती वेळ उघडा ठेवावयाचा, हे एक छोटा संगणक ठरवतो. आपले मिस्त्री त्याला ई.सी.एम. म्हणतात. थ्रॉटल किती पिळला आहे, हवेचा दाब किती, इंजिन किती तापले आहे, क्रँक किती वेगाने फिरतो आहे, याच्या खबरा निरनिराळ्या सेन्सरकडून त्याला मिळतात. सायलेन्सरच्या नळीतील ऑक्सिजन सेन्सर शेवटची साक्ष देतो. जळून गेलेल्या वायूत प्राणवायू किती उरला, हे तो सांगतो.

एक भाग पेट्रोल पुरते जळण्यास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. साध्या चालीत संगणक मिश्रण याच प्रमाणाभोवती राखतो, कारण विषारी वायू निवळविणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर त्याच प्रमाणात नीट काम करतो. गाडी पूर्ण पिळली, की जोरासाठी मिश्रण थोडे दाट केले जाते. चिखलदऱ्याचा घाट चढताना ही व्यवस्था कशी चालते ते पाहावे. सुमारे ११०० मीटर उंचीवर हवा विरळ होते. कार्बोरेटरची गाडी तेथे पेट्रोल जास्त ओढून धाप टाकी. इंजेक्शनची गाडी दाब मोजून पेट्रोल आपोआप कमी करते. वऱ्हाडातील मे महिन्याच्या ४५ अंशांच्या उन्हातही हेच घडते.

मग बाहेरचे सुटे भाग कशासाठी लावतात? कोणी मोकळा सायलेन्सर बसवतो, कोणी जास्त हवा घेणारा फिल्टर. हवा वाढली की पेट्रोलही वाढवावे लागते. म्हणून संगणक आणि इंजेक्टर यांच्यामध्ये एक डबी जोडतात. ती संगणकाचा हुकूम मध्येच अडवून इंजेक्टर थोडा अधिक वेळ उघडा ठेवते. दुसरा मार्ग म्हणजे संगणकातील मूळ तक्ताच बदलणे. त्याला रिमॅप म्हणतात.

येथे एक गोष्ट विकणारा सहसा सांगत नाही. साध्या चालीत डबीने पेट्रोल वाढवले, तर ऑक्सिजन सेन्सर ते ओळखतो आणि संगणक ते पुन्हा कमी करतो. म्हणजे एकाने घालावे आणि दुसऱ्याने काढावे. त्यावर उपाय म्हणून सेन्सरलाच फसवले, की मिश्रण सतत दाट राहते, अ‍ॅव्हरेज घसरते आणि कन्व्हर्टर तापून निकामी होण्याची भीती असते. शंभर-सव्वाशे सी.सी.च्या रोजच्या गाडीत यातून मिळणारा जोर अगदी थोडा असतो.

तरीही मोह होतो. २०२२ च्या जूनमध्ये अमरावती-अकोला मार्गावर ७५ किलोमीटरचे डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत सलग झाले आणि त्याची नोंद जागतिक विक्रमात गेली. असा गुळगुळीत रस्ता समोर आला, की तरुणाच्या हाताला चाळा लागणारच. त्याला मी दोष देत नाही. त्याने कागद वाचावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

हमीचा कागद हा एक करार आहे. कारखान्यातील करार कलमागणिक वाचावा, तसाच तो वाचावा लागतो. एका कामगाराच्या मुलाची गोष्ट माझ्यासमोर घडली. त्याच्या गाडीचा पेट्रोल पंप हमीच्या मुदतीत बिघडला. दुकानदाराने बाहेरून बसवलेल्या दिव्याकडे बोट दाखवून ‘हमी संपली’ असे तोंडी सांगितले आणि तो निमूटपणे परत आला. दिव्याचा आणि पंपाचा संबंध काय, हे त्याने विचारले नाही. लेखी कारणही मागितले नाही.

हा प्रश्न विचारण्याला आधार आहे. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांविरुद्ध निकाल दिला. बाहेरच्या गॅरेजात काम केले म्हणून सरसकट हमी रद्द करू नये, बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढे नुकसान झाले तेवढ्यापुरतीच ती नाकारावी, असे त्याने बजावले. तो निकाल चारचाकी गाड्यांच्या कंपन्यांपुरता होता आणि त्यावर अपिलेही झाली. पण त्यातील विचार ध्यानात ठेवण्यासारखा आहे. अमेरिकेत १९७५ च्या कायद्याने याच दिशेचे संरक्षण ग्राहकाला मिळाले आहे.

परंतु या तत्त्वाची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. दिव्याचा पंपाशी संबंध नसेल, पण इंजेक्शनच्या डबीचा पिस्टन, कन्व्हर्टर आणि वायरिंग यांच्याशी नक्कीच आहे. तेथे हमी नाकारली गेली, तर भांडणाला फारशी जागा उरत नाही. शिवाय २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या ८७ व्या कलमाप्रमाणे, वस्तूत फेरफार केलेला असल्यास सदोष वस्तूमुळे झालेल्या हानीबद्दल विक्रेत्यावर दावा चालत नाही. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने गाडीतील फेरफारांवर मर्यादा घातल्या आहेत, आणि धूर व आवाज यांच्या मर्यादा मोडल्यास वेगळा दंड आहे. फटाके फोडणारा सायलेन्सर बसवून हमीची मागणी करणे म्हणजे स्वतःच संप मोडून बोनस मागण्यासारखे आहे.

मग करावे काय? गाडीला पिकअप नाही असे वाटले, तर प्रथम एअर फिल्टर, प्लग, चेनचा ताण आणि टायरमधील हवा पाहावी. पुष्कळदा दुखणे तेथेच सापडते. नंतर अधिकृत केंद्रात संगणकातील दोषांचे कोड वाचून घ्यावेत आणि कंपनीने नवा तक्ता दिला आहे काय, ते विचारावे. एवढ्यावरही भाग बसवावयाचाच असेल, तर हमीची मुदत संपेपर्यंत थांबणे सर्वांत शहाणपणाचे. थांबावयाचे नसेल, तर वायर तोडून जोड मारू नये. कपलरला कपलर जुळणारा आणि काढता येणारा भाग घ्यावा. ऑक्सिजन सेन्सर आणि कन्व्हर्टर यांना हात लावू नये. मूळ भाग जपून ठेवावेत. बिल, तारीख, किलोमीटर आणि छायाचित्र यांची नोंद ठेवावी. विमा कंपनीलाही फेरफार कळवावा.

सर्व्हिसिंगच्या आदल्या दिवशी डबी काढून ठेवण्याचा सल्ला कोणी देईल. तो ऐकू नये. संगणकाच्या स्मृतीत खुणा राहू शकतात, आणि एकदा खोटे उघडकीस आले, की खरी तक्रारही कोणी ऐकत नाही.

बिघाड झाला, तर जॉब कार्डावर तक्रार आपल्या शब्दांत लिहवून घ्यावी व प्रत मागावी. हमी नाकारली, तर कोणत्या कलमाखाली आणि कोणत्या भागामुळे, हे लेखी मागावे. उत्तर न पटल्यास आपल्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येते. वस्तू पाच लाखांपर्यंतची असेल, तर तेथे शुल्क नाही, आणि वकील देणे सक्तीचे नाही.

हमीचे पुस्तक बहुधा डिकीत किंवा कपाटात पडलेले असते. आज घरी गेल्यावर ते बाहेर काढावे. ज्यांना त्यातील भाषा उमगत नाही, त्यांनी चौघांत बसून ते मोठ्याने वाचावे. आम्ही कामगारांनी आमचे करार असेच वाचावयास शिकलो, आणि त्यासाठी कोणाला पदवी लागली नाही.