'पोलिउतो' : ज्याच्यासाठी रचली, त्याने कधीच न गायलेली संगीतिका

गाएतानो डोनिझेत्ती या इटालियन संगीतकाराचे नाव निघाले की पाश्चात्त्य संगीताच्या रसिकाला 'लुचिया दी लाम्मेरमूर', 'लेलिझिर दामोरे' किंवा 'दोन पास्क्वाले' या संगीतिका आठवतात. अवघ्या पन्नास वर्षांच्या आयुष्यात डोनिझेत्तीने सुमारे ७० संगीतिका रचल्या. त्यांतील मोजक्याच आज जगभरच्या रंगमंचांवर नियमाने होतात. बाकीच्यांची ओळख अभ्यासकांपुरती आणि ध्वनिमुद्रणांपुरती उरली आहे. या दुसऱ्या गटातील 'पोलिउतो' या संगीतिकेचा इतिहास मात्र तिच्या कथानकाइतकाच नाट्यमय आहे. ती लिहिली गेली १८३८ मध्ये आणि रंगमंचावर आली १८४८ मध्ये. मधल्या दहा वर्षांत तिच्यावर राजाज्ञेने बंदी आली, तिचे भाषांतर व रूपांतर झाले आणि जिच्या नायकाची भूमिका ज्या गायकासाठी बेतली होती, तो गायक आणि तिचा कर्ता असे दोघेही काळाच्या पडद्याआड गेले.

हा इतिहास समजून घ्यायचा, तर 'बेल कांतो' या परंपरेचे एक वैशिष्ट्य ध्यानात घ्यावे लागते. 'बेल कांतो' याचा शब्दशः अर्थ सुंदर गायन. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रोस्सिनी, बेल्लिनी आणि डोनिझेत्ती यांनी या शैलीला कळसाला नेले. या शैलीत वाद्यवृंद सहसा गायकाच्या मागे उभा राहतो आणि भावनेचा सारा भार गळ्यावर असतो. नायक किंवा नायिका प्रथम संथ लयीत आपली व्यथा आळवते. मग एखादी बातमी येते किंवा मनाचा निश्चय होतो आणि त्याच प्रसंगाचा दुसरा भाग जलद लयीत उसळतो. या जलद भागाला 'काबालेत्ता' म्हणतात. विलंबितानंतर द्रुत ऐकणाऱ्या आपल्या रसिकाला ही मांडणी परकी वाटू नये. मुख्य म्हणजे, संगीतकार हे सारे एखाद्या विशिष्ट गायकाचा आवाज समोर ठेवून रचत असे. त्या गळ्याचा पल्ला कोणता, त्याची फिरत कुठे खुलते, कोणता स्वर त्याला जड जातो, हे पाहून भूमिका बेतली जाई. त्यामुळे गायक हरवला की रचनाही काहीशी पोरकी होत असे.

'पोलिउतो' ज्याच्यासाठी बेतली तो गायक म्हणजे फ्रान्सचा अदोल्फ नूरी. १८०२ साली जन्मलेला नूरी १८२६ पासून १८३७ पर्यंत पॅरिसच्या ऑपेराचा पहिला टेनर, म्हणजे उंच पुरुषी आवाजाचा प्रमुख गायक होता. रोस्सिनीच्या 'गियोम तेल' (१८२९) मधील आर्नोल्ड, मायरबेअरच्या 'ले युगनो' (१८३६) मधील राऊल, आलेव्हीच्या 'ला ज्युइव्ह' (१८३५) मधील एलेआझार या सर्व भूमिका प्रथम त्याने उभ्या केल्या. तो केवळ गायक नव्हता. 'ला सिल्फीद' या गाजलेल्या नृत्यनाट्याचे कथानक त्याचे. शूबर्टची गीते फ्रेंच श्रोत्यांपर्यंत पोहोचवण्यातही त्याचा मोठा वाटा. त्याच्या गायनात सुसंस्कृतपणा होता. वरच्या पट्टीतले स्वर तो पूर्ण ताकदीने फेकत नसे. मस्तकात घुमणाऱ्या हलक्या, नाजूक आवाजात ते अलगद लावत असे. त्या काळी टेनर गायकांची रीतच तशी होती.

ही रीत जिल्बेर द्युप्रे या दुसऱ्या फ्रेंच गायकाने मोडली. द्युप्रेने अनेक वर्षे इटलीत राहून गळा कमावला होता. डोनिझेत्तीच्या 'लुचिया'चा पहिला प्रयोग २६ सप्टेंबर १८३५ रोजी नेपल्सच्या सान कार्लो नाट्यगृहात झाला, तेव्हा नायक एदगार्दोची भूमिका त्यानेच केली होती. टेनरच्या पल्ल्यातील वरचा 'सी' हा स्वर तो हलक्या आवाजात न लावता छातीच्या पूर्ण जोराने लावत असे. खुद्द रोस्सिनीला हा प्रकार कर्कश वाटे. पण श्रोते मोहरून जात. पॅरिसच्या ऑपेराने द्युप्रेला नूरीच्या बरोबरीचे स्थान देऊ केले, तेव्हा नूरीने राजीनामा दिला. १ एप्रिल १८३७ रोजी त्याने पॅरिसचा निरोप घेतला. त्याच महिन्याच्या १७ तारखेला द्युप्रे 'गियोम तेल'मध्ये उभा राहिला आणि त्याच्या त्या एका स्वराने पॅरिस जिंकले. टेनर आवाजाबद्दलच्या अपेक्षाच तेव्हापासून बदलू लागल्या. आज टेनर म्हटले की जो दमदार, झळाळता आवाज आपल्या कानांत घुमतो, त्याचे मूळ या काळात आहे.

नूरीने हार मानली नाही. ज्या इटलीने द्युप्रेला घडवले, तिथेच जाऊन नव्या पद्धतीचे गायन शिकावे, या निश्चयाने तो १८३८ मध्ये नेपल्सला डोनिझेत्तीकडे आला. डोनिझेत्तीचेही ते दिवस कष्टाचे होते. १८३७ च्या जुलैमध्ये त्याची पत्नी व्हर्जिनिया निवर्तली होती आणि नेपल्सच्या संगीत विद्यालयाचे संचालकपद मिळण्याची त्याची आशा मावळत चालली होती. त्याने नूरीला शिकवणे पत्करले आणि सान कार्लोसाठी त्याच्याकरिता नवी संगीतिका लिहायला घेतली. विषय नूरीनेच सुचवला : सतराव्या शतकातील फ्रेंच नाटककार कोर्नेय याची 'पोलियुक्त' ही शोकांतिका. 'लुचिया'चा संहिताकार साल्वादोरे काम्मारानो याने तिचे तीन अंकी इटालियन रूप सिद्ध केले.

कथानक घडते इसवी सनाच्या तिसऱ्या शतकात, रोमन सत्तेखालील आर्मेनियातील मेलितेने या नगरात. पोलिउतो हा तेथील प्रतिष्ठित नागरिक गुप्तपणे ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतो. त्याची पत्नी पाओलिना ही रोमन राज्यपालाची कन्या. तिचे पूर्वी सेव्हेरो या रोमन सेनानीवर प्रेम होते. तो युद्धात पडला असे समजून तिने पोलिउतोशी विवाह केला. आता तोच सेव्हेरो ख्रिस्ती लोकांचा नायनाट करण्याची आज्ञा घेऊन जिवंत परत येतो. ज्युपिटरच्या मंदिराचा कपटी महापुरोहित कालिस्तेने पोलिउतोच्या मनात पत्नीविषयी संशय पेरतो. दुसऱ्या अंकाच्या अखेरीस ख्रिस्ती लोकांचा पुढारी नेआर्को याला मंदिरात चौकशीसाठी आणले जाते. नव्याने दीक्षा घेतलेल्याचे नाव सांगण्यास तो नकार देतो, तेव्हा पोलिउतो स्वतः पुढे येऊन कबुली देतो आणि वेदी उलथवून टाकतो. तिसऱ्या अंकात पाओलिना त्याला कारागृहात भेटते, आपले निष्कलंकत्व पटवते आणि त्याच्या श्रद्धेने भारावून त्याच्यासोबत मरण पत्करते. दोघे हातात हात घालून सिंहांच्या रिंगणाकडे निघतात.

संगीताच्या दृष्टीने दोन जागा विशेष मानल्या जातात. पहिली, मंदिरातील प्रसंग. येथे काळ जणू थांबतो आणि सहा प्रमुख पात्रे आपापली भावना एकाच वेळी गातात. मागे वृंदगान उभे राहते. 'लुचिया'तील विख्यात षटकगानाच्या जातीची ही रचना आहे. दुसरी जागा कारागृहातील युगुलगीत. देवदूतांच्या वीणा ऐकू येत असल्याचा भास वर्णन करणारी एक उत्फुल्ल सुरावट प्रथम एकजण गातो आणि शेवटी दोन्ही आवाज त्या एकाच सुरावटीवर एकत्र येतात. मतभेद, संशय आणि दोन धर्म यांची दरी या एकसुरी गायनात मिटते. नायकाच्या भूमिकेत वरच्या स्वरांच्या कसरतीपेक्षा मध्य सप्तकातील भारदस्त, शब्दप्रधान गायनाला महत्त्व आहे. नूरीचे बळ ज्यात होते, ते डोनिझेत्तीने नेमके हेरले होते.

तालमींचे दिवस जवळ आले असता ऑगस्ट १८३८ मध्ये नेपल्सचा राजा फर्डिनंड दुसरा याने प्रयोगास मनाई केली. ख्रिस्ती हौतात्म्याचा गौरव करणाऱ्या कलाकृतीवर एका श्रद्धाळू कॅथलिक राजाने बंदी घालावी, हे वरकरणी विचित्र वाटते. परंतु राजाचे तर्कशास्त्र वेगळे होते. संतांचे स्थान चर्चमध्ये. रंग फासलेल्या नटांनी, तेही मत्सर आणि जुन्या प्रेमाच्या गुंत्यात अडकवून, त्यांना रंगमंचावर आणणे म्हणजे त्यांचा अवमान, असे त्याला वाटत होते. नेपल्सच्या सेन्सॉरचा डोनिझेत्तीला आलेला हा पहिला अनुभव नव्हता. १८३४ मध्ये त्याची 'मारिया स्तुआर्दा' अशाच राजाज्ञेने रोखली गेली आणि तिचे संगीत दुसऱ्या कथानकाला जोडून त्याला वेळ मारून न्यावी लागली होती. या वेळी त्याने तडजोड केली नाही. पॅरिसशी त्याची बोलणी आधीपासून चालू होती. ऑक्टोबर १८३८ मध्ये 'पोलिउतो'ची संहिता आणि स्वरलेखन घेऊन त्याने नेपल्स सोडले.

डोनिझेत्तीला पॅरिसचा मार्ग खुला होता. नूरीला तो नव्हता. ज्या भूमिकेच्या आधाराने तो नवे आयुष्य सुरू करणार होता, ती गेली. छातीचा जोरकस आवाज कमावण्याच्या प्रयत्नात त्याचे जुने नाजूक स्वरही हातचे निसटले होते. नोव्हेंबरमध्ये तो मेर्कादान्तेच्या 'इल जुरामेन्तो'मध्ये सान कार्लोच्या रंगमंचावर उभा राहिला. श्रोत्यांनी त्याचे स्वागत केले. परंतु टाळ्यांतही त्याला कीव दिसू लागली होती. ७ मार्च १८३९ च्या रात्री एका सहाय्यार्थ कार्यक्रमात गाऊन तो परतला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्याने आत्महत्या केली. त्याचे वय होते ३७. त्याचे पार्थिव फ्रान्सला नेले जात असता २४ एप्रिल रोजी मार्सेय येथील चर्चमध्ये प्रार्थनासभा झाली. त्या शहरात त्या वेळी मुक्कामाला असलेल्या शोपॅनने तेथे ऑर्गनवर शूबर्टचे एक गीत वाजवले. ज्याने फ्रान्सला शूबर्ट ऐकवला, त्याला दिलेला हा निरोप होता.

इकडे पॅरिसमध्ये यूजीन स्क्रीब याने 'पोलिउतो'चे 'ले मार्तिर' अर्थात 'हुतात्मे' हे चार अंकी फ्रेंच रूपांतर केले. पॅरिसच्या रिवाजानुसार त्यात नृत्ये आली, भव्य देखावे आले. काम्मारानोने पदरचा घातलेला मत्सराचा धागा वगळला गेला आणि कथा कोर्नेयच्या अधिक जवळ गेली. गद्यसदृश गायनाचे भाग डोनिझेत्तीने नव्याने रचले, पहिल्या अंकाचा शेवट बदलला. १० एप्रिल १८४० रोजी पहिला प्रयोग झाला, तेव्हा नायकाच्या भूमिकेत होता जिल्बेर द्युप्रे. नूरीने सुचवलेला विषय आणि नूरीसाठी कल्पिलेली भूमिका अखेर त्याच्या प्रतिस्पर्ध्याकडे गेली. यात कुणाचे कारस्थान नव्हते. पॅरिसच्या ऑपेराचा पहिला टेनर तोच होता. द्युप्रेच्या गळ्याला साजेल अशी भूमिका वरच्या पट्टीकडे नेण्यात आली. त्याच्या त्या जोरकस गायनाचीही किंमत होतीच : १८४० च्या दशकातच त्याच्या आवाजाला ओहोटी लागली.

मूळ इटालियन 'पोलिउतो' नेपल्सच्या सान कार्लोत ३० नोव्हेंबर १८४८ रोजी प्रथम झाली. राजा फर्डिनंड अजून गादीवर होता, डोनिझेत्ती नव्हता. मेंदूला ग्रासणाऱ्या दीर्घ आजारानंतर त्याच वर्षी ८ एप्रिलला बेर्गामो या जन्मगावी त्याचे निधन झाले होते. प्रयोगाच्या आदल्या दिवशी त्याला ५१ वर्षे पूर्ण झाली असती. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दमदार आवाजाच्या टेनर गायकांनी ही भूमिका उचलून धरली. व्हेर्दीचा पहिला ऑथेल्लो फ्रांचेस्को तामाञो हा त्यांतलाच एक. मात्र संगीतिकांची अभिरुची पालटली, तसे हे नाव मागे पडत गेले.

विसाव्या शतकात या संगीतिकेला सर्वांत मोठा उजाळा मिळाला तो ७ डिसेंबर १९६० रोजी. मिलानच्या ला स्काला नाट्यगृहाच्या हंगामाची सुरुवात 'पोलिउतो'ने झाली. दोन वर्षांहून अधिक काळानंतर मारिया कॅलास त्या रंगमंचावर परतत होती. फ्रांको कोरेल्ली पोलिउतो आणि एत्तोरे बास्तियानिनी सेव्हेरो होता. पाओलिना ही कॅलासने रंगमंचावर आणलेली अखेरची नवी भूमिका ठरली. योगायोग असा, की या प्रयोगाचे दिग्दर्शन करणार असलेला लुकिनो व्हिस्कोन्ती ऐनवेळी बाजूला झाला होता. कारण त्याच्या कलाकृतींवर चाललेल्या सरकारी सेन्सॉरशिपचा त्याला निषेध करायचा होता. सव्वाशे वर्षांनंतरही सेन्सॉरची सावली 'पोलिउतो'ची पाठ सोडत नव्हती. त्या रात्रीचे ध्वनिमुद्रण आजही रसिक जिवापाड जपतात.

त्यानंतर विल्यम अॅशब्रुक आणि रॉजर पार्कर या अभ्यासकांनी मूळ स्वरलेखनाची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. २०१४ साली लंडनमध्ये 'ले मार्तिर'चा मैफलीच्या स्वरूपात प्रयोग झाला, तर २०१५ साली इंग्लंडच्या ग्लाइंडबोर्न महोत्सवात 'पोलिउतो' रंगमंचावर आली. दोन्ही रूपे शेजारी ठेवून ऐकण्याची सोय त्यामुळे झाली आहे. तशी ती ऐकली, की एकाच संगीतात दोन गळे वेगवेगळे ओळखू येतात. फ्रेंच रूपात द्युप्रेची झेप आहे. इटालियन रूपात मात्र शब्दाला जपणारा, उंचीपेक्षा खोली शोधणारा एक आवाज आहे. तो आवाज या स्वरांत कुणीच कधी ऐकला नाही. तरी डोनिझेत्तीने तो ज्या बारकाईने टिपून ठेवला, त्यावरून अदोल्फ नूरी नेपल्सच्या त्या उन्हाळ्यात काय गाऊ पाहत होता, याची कल्पना आजच्या श्रोत्याला येऊ शकते.