शंभर घरांची पैज

अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याला 'सुपर बोल' म्हणतात. हा फुटबॉल आपल्या ओळखीचा नव्हे. यात लंबगोल चेंडू हातात घेऊनही धावतात. या सामन्याच्या दिवशी तेथील मित्रमंडळी एक गमतीची पैज लावतात. तिच्यामागचे गणित समजून घेण्यासारखे आहे.

कागदावर दहा ओळी व दहा स्तंभ आखून शंभर घरे करतात. प्रत्येक जण हव्या त्या घरात आपले नाव लिहितो. सगळी घरे भरली, की ० ते ९ या अंकांच्या चिठ्ठ्या काढून ते अंक निघतील त्या क्रमाने स्तंभांवर लिहितात; हे एका संघाचे. चिठ्ठ्या पुन्हा मिसळून ओळींचे अंक ठरवतात. हे दुसऱ्या संघाचे. सामना संपल्यावर दोन्ही संघांच्या गुणांतील फक्त एकक स्थानचे अंक पाहायचे. २०२० साली निकाल ३१–२० लागला. म्हणजे पहिल्या संघाचा १ आणि दुसऱ्याचा ० जेथे मिळतात, ते घर जिंकले.

पण चिठ्ठ्या आधीच का काढत नाहीत? कारण सगळे अंक सारख्या वेळा येत नाहीत. 'टचडाउन'चे ६ गुण आणि त्यानंतरची किक साधली तर आणखी १, म्हणजे बहुधा ७. 'फील्ड गोल'चे ३. यांच्या बेरजा करा: १०, १४, १७, २०, २४, २७... शेवटी ०, ४, ७ हेच पुन्हा पुन्हा दिसतात. २ आणि ५ क्वचित. अंक आधी कळले, तर पहिले येणारे चांगली घरे पटकावतील. चिठ्ठ्या नंतर काढल्या, की घर निवडताना प्रत्येक घराची संभाव्यता बरोबर १/१०० असते. आधी आला काय, उशिरा आला काय, फरक पडत नाही.

क्वचित म्हणजे अशक्य मात्र नव्हे. २०२४ साली निकाल लागला २५–२२! चार फील्ड गोल (१२), एक पूर्ण टचडाउन (७) आणि शेवटचा, किक न घेतलेला टचडाउन (६) मिळून २५ झाले होते.

आता समजा, एका घराला एक चिंचोका. शंभरही चिंचोके विजेत्याला दिले, तर प्रत्येक घराची सरासरी प्राप्ती १०० × १/१०० = १, म्हणजे घातले तेवढेच. आयोजकाने दहा ठेवून घेतले, तर ती ०.९० होते. कोण जिंकेल हे ठाऊक नसतानाही खेळणाऱ्यांचा एकूण तोटा आधीच ठरतो. जुगाराचा धंदा चालतो तो याच हिशेबावर.

करून पाहा: वर्तमानपत्रांतून क्रिकेटच्या शंभर डावांच्या धावसंख्या घ्या आणि एकक स्थानचे अंक मोजा. क्रिकेटमध्ये एकेक धावही मिळते. मग येथे लाडके अंक असतील का? आधी अंदाज लिहा, मग मोजा.