लाकडी बेडूक, मऊ बेडूक

नांदेडला गोदावरीत जलपर्णी माजली की नदीकाठचे लोक वैतागतात. मरळीला मात्र तेवढंच आयतं छप्पर मिळतं. पाण्यावर पसरलेल्या पानांखाली ही मासळी निश्चल पडून राहते आणि वरून एखादा बेडूक उडी मारत गेला की खालून झेप घेते. बिलोली-देगलूरच्या सीमेपलीकडे तिला कोरामीनू म्हणतात. तेलंगणाने तिला राज्यमासा केलं आहे.

मरळीच्या कल्ल्यांच्या वर हवेतला ऑक्सिजन शोषून घेणारी पोकळी असते, म्हणून ती अधूनमधून वर येऊन श्वास घेते. 2016च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. अशा दुष्काळात आटत्या डबक्यातले रोहू-कटला तडफडून जातात, मरळ चिखलात तग धरते. उलट जाळ्यात अडकून पाण्याखालीच राहिली, तर मासा असूनही गुदमरून मरते.

तिला गळाला लावण्याची जुनी रीत म्हणजे जिवंत बेडूक. गळ टोचलेला बेडूक पाण्यावर नाचवायचा. बघवत नाही, आणि ‘इंडियन बुलफ्रॉग’ हा मोठा बेडूक वन्यजीव कायद्याने संरक्षितही आहे. त्यामुळे आता हौशी गळवाल्यांच्या पेटीत खोटा बेडूक असतो.

या खोट्या बेडकाचं मूळ अमेरिकेत आहे. मिशिगनमधल्या डोवाजियाक गावात जेम्स हेडन नावाचा मधमाश्या पाळणारा गृहस्थ राहायचा. 1890च्या दशकाच्या अखेरीस त्याने लाकडाचे बेडूक कोरले, त्यांना गळ लावले आणि मित्रांना वाटले. पुढे त्याच घराण्याने कारखाना काढला. तिकडची मस्की ही दांडगी शिकारी मासळीही मरळीसारखीच गवतात दबा धरते. तिच्यासाठी हलक्या लाकडाची, काचेचे डोळे बसवलेली, रंगाचे थरावर थर दिलेली आमिषं निघाली. आज संग्राहक ती जपून ठेवतात. फिनलंडच्या लाउरी रापालाने 1936मध्ये बुचाच्या सालीची मासोळी केली. अंगाला चॉकलेटची चांदी चिकटवली आणि वर लेप दिला तो फोटोच्या निगेटिव्ह वितळवून!

इतकी रंगरंगोटी कुणासाठी, असा प्रश्न मला पडतो. खालून बघणाऱ्या मरळीला उजळ आभाळावर बेडकाची फक्त काळी आकृती दिसते. पाण्याची थरथर तिला अंगावरच्या पार्श्वरेषेने कळते. पाठीवरचे हिरवे ठिपके दुकानातल्या गिऱ्हाइकालाच दिसत असणार.

खरी अडचण रंगाची नव्हतीच. लाकडी आमिषाचे उघडे गळ पानांत अडकत. जिथे मरळ, नेमकं तिथेच ते टाकता येईना. ही अडचण सोडवली पोकळ, मऊ पीव्हीसीच्या बेडकाने. त्याला दोन गळ असतात, टोकं वर वळलेली आणि पाठीला घट्ट चिकटलेली, त्यामुळे तो पानांवरून सहज घसरत येतो. मरळीने जबडा मिटला की आतली हवा निघून अंग चपटं होतं आणि टोकं बाहेर येतात. भिंत जाड झाली तर गळ दडूनच राहतो, फार पातळ झाली तर पहिल्या चाव्यात फाटते. दोराही बदलला. ताणला जाणारा नायलॉन बाजूला पडला. दाट गवतातून मासळी ओढायला न ताणणारा, विणलेला पॉलिथिनचा दोरा आला.

पावसाळ्यात मात्र हात आवरावा. तेव्हा मरळ पिल्लांच्या लालसर घोळक्याची राखण करत असते आणि जवळ येईल त्यावर तुटून पडते. तिला त्या वेळी धरलं की बाकीचे मासे पिल्लांचा फडशा पाडतात.

आजोबांच्या पेटीत एखादी जुनी लाकडी मासोळी सापडलीच, तर नवा मऊ बेडूक तिच्या शेजारी टाकू नये. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात मिसळलेलं तेलकट द्रव्य हळूहळू बाहेर झिरपतं आणि शेजारच्या वस्तूचा रंग चिकट करून सोडतं. दोघांना वेगळे कप्पे द्यावेत.